उत्सवाचे दिवस आणि घरातला कॅमेरा

(मंडळाच्या सभागृहात श्रावणात झालेल्या छायाचित्रण कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढणारी आणि गेली काही वर्षे इंदूरच्या जुन्या मराठी घरांतले फोटो मागून आणून त्यांच्या प्रती करून ठेवणारी आम्ही चार-पाच माणसे. आज बोलायला एकच जण उभा आहे, पण काय सांगायचे ते आम्ही सगळ्यांनी बसून ठरवले आहे. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणतो, त्याचा राग मानू नका.

विषय ‘फोटो चांगला कसा काढावा’ असा दिलेला आहे. पण आधी तो का काढावा हे सांगतो. स्मरणिकेत दरवर्षी श्रद्धांजलीचे पान असते. त्या पानासाठी घरच्यांकडे फोटो मागितला की काय होते, ते आम्ही दरवर्षी पाहतो. फोनमध्ये हजारो फोटो असतात. बारशाचे, केकचे, सहलीचे, हॉटेलातल्या ताटांचे. पण ज्या काकू गेल्या त्यांचा एकटीचा, चेहरा स्पष्ट दिसणारा, त्या जशा होत्या तशा दाखवणारा एक फोटो सापडत नाही. मग कुठल्या तरी लग्नाच्या गर्दीतून त्यांचा चेहरा कापून घ्यावा लागतो आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहतो. घरच्यांनाही ते खुपते, पण तेव्हा इलाज नसतो. जुन्या अल्बममध्ये उलटे दिसते. त्या पिढीचा आयुष्यात तीन-चार वेळाच फोटो निघाला असेल, पण जेव्हा निघाला तेव्हा नीट निघाला.

गणपतीचे दहा दिवस हे आपल्याकडे माणसे घरी येण्याचे दिवस. पुण्याचा मुलगा, बेंगळुरूची सून, जमले तर अमेरिकेतली लेकही याच सुमाराला येते. चार पिढ्या एका छताखाली असण्याचा योग वर्षातून एकदाच. म्हणून आम्ही आज मुख्यतः घरातल्या फोटोंबद्दल बोलणार आहोत. पक्षी, किल्ले, धबधबे यांना शेवटी थोडा वेळ देऊ.

पहिला प्रश्न नेहमी एकच येतो, कॅमेरा कुठला घ्यावा? आमचे उत्तर असे की खिशातला फोन पुरे. त्याची भिंग मात्र पुसा. फोन दिवसभर हातात, खिशात, स्वयंपाकघरात फिरतो, त्यावर बोटाचे तेल बसते आणि फोटोत दिव्याभोवती धुरकट पट्टे दिसतात. लोक त्याला ‘फोन जुना झाला’ म्हणतात आणि नवा घेतात. मऊ सुती कापडाने पुसला की तोच फोन नवा होतो. आज घरी जाऊन एवढे एक केले तरी आमचे येणे सार्थकी लागले.

दुसरी गोष्ट उजेडाची. इथे आपल्या गावाचाच एक दाखला देतो. लाला दीनदयाळ हे नाव भारतीय छायाचित्रणात फार मोठे. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार होते, निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. पण त्यांची सुरुवात झाली ती आपल्या इंदुरात. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इथल्या बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रके करायला आले आणि १८७४ च्या सुमारास नोकरी सांभाळून फोटो काढायला लागले. तुकोजीराव होळकर दुसरे आणि ज्यांच्या नावाने डेली कॉलेज आहे ते सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ग्वाल्हेर, सांची, खजुराहो अशा ठिकाणच्या वास्तूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे १८८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. विचार करा, लाकडी जड पेटी, तिपाई, काचेच्या तबकड्या, आणि सगळे सामान घोड्या-बैलांवर. एका फोटोला एवढा खटाटोप असला की माणूस आधी वास्तूभोवती हिंडतो, ऊन कुठल्या बाजूने कधी येते ते पाहतो आणि मगच पेटी उघडतो. आपल्याला खटाटोप उरला नाही, त्यामुळे हिंडणेही सुटले. ते हिंडणे तेवढे परत सुरू करायचे आहे. घरातल्या घरात.

आता आजींचा फोटो. हाच आमच्या मते आजचा मुख्य विषय आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घरात फिरून पाहा, कुठल्या खिडकीतून भरपूर उजेड येतो पण ऊन थेट आत येत नाही. जुन्या घरांत ती जागा बहुधा ओसरीवर किंवा माजघराच्या दारापाशी सापडते, फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या सरकत्या दाराजवळ. तिथे खुर्ची ठेवा, खिडकीपासून तीन-चार फुटांवर. खिडकी आजींच्या पाठीशी नको. तशाने चेहरा काळा पडतो. आणि अगदी समोरही नको, चेहरा सपाट दिसतो. ती त्यांच्या एका बाजूला, जरा पुढच्या अंगाला असू द्या. मग ट्यूबलाइट बंद करा. हे ऐकून सगळे दचकतात, पण करून पाहा. ट्यूबलाइटचा उजेड वरून पडतो, डोळ्यांखाली सावल्या येतात आणि त्याचा रंग दिवसाच्या उजेडात मिसळत नाही. अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. दिवा मालवला की सुरकुत्यासुद्धा सुरेख दिसतात. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच अंधारात जात असेल तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरे धोतर किंवा चादर पसरून धरायला सांगा. उजेड त्यावरून परतून सावलीत जातो. स्टुडिओवाले चंदेरी छत्री वापरतात, आपली चादरही तेच काम करते.

अंतर. फोन जवळ नेऊन चेहरा भरला की नाक मोठे होते आणि कान मागे जातात. दोष फोनचा नाही, जवळिकीचा आहे. कुठलाही कॅमेरा एवढ्या जवळून तेच करील. सहा-सात फूट मागे जा आणि पडद्यावर दुप्पट मोठे दिसणारे भिंग निवडा, ‘२’ असा आकडा असतो तो. फोन आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. त्या बसलेल्या असतील तर तुम्ही गुडघ्यावर या. लहान मुलांनाही हाच नियम. उभ्या-उभ्या काढलेल्या फोटोत मूल नेहमी बुटके आणि केविलवाणे दिसते.

चष्म्यावर उजेड चमकला तर चष्मा काढायला लावू नका. चाळीस वर्षे चष्मा घातलेले माणूस चष्म्याविना ओळखू येत नाही. काड्या कानांवरून किंचित वर उचला म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक जाते. नाहीतर हनुवटी दोन बोटे खाली घ्यायला सांगा.

आणि ‘आजी, हसा’ म्हणू नका. सांगून हसणारे माणूस दात दाखवते, हसत नाही. त्यांना हाताला काम द्या. वाती वळायला द्या, दूर्वांच्या जुड्या बांधायला द्या, मोदकाची पारी करायला द्या. समोर बसून कुणीतरी विचारावे, ‘आजी, तुमच्या लग्नाची वरात कुठून निघाली होती?’ पुढची पाच मिनिटे फोटो काढणाऱ्याने तोंड बंद ठेवून बटण दाबत राहावे. पहिले दहा फोटो अवघडलेले निघतील, ते काढून टाका. अकराव्याच्या आसपास आजी तुम्हाला विसरतात आणि स्वतःसारख्या दिसायला लागतात. हातांचाही एक वेगळा फोटो घ्या. एका घरी आजोबांनी आम्हाला त्यांच्या आईच्या फोटोत चेहऱ्याआधी मनगटावरचे गोंदण दाखवले. तो फोटो कुणी हातांसाठी काढलेला नव्हता, योगायोगाने हात आले होते. आपण तो योगायोगावर सोडू नये.

घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो हा दुसरा मोठा प्रसंग. तो आरतीनंतर सगळे पांगायला लागल्यावर घाईघाईत काढला जातो. तसे न करता आधी वेळ सांगून ठेवा. जेवणाआधीची वेळ धरा, कारण जेवणानंतर अर्ध्या लोकांचे डोळे मिटलेले असतात. अंगणात ऊन असेल तर उन्हात उभे करू नका, सगळे कपाळाला आठ्या घालतील; सावलीच्या काठाशी, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभे करा. वडीलधारी खुर्च्यांवर, मुले पुढे सतरंजीवर, बाकीचे मागे. कडेला उभ्या असलेल्यांना फोनचे रुंद भिंग ताणून जाड करते, मग त्या काकू तो फोटो कुणालाच पाठवत नाहीत. त्यासाठीही उपाय तोच, मागे जा आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडा. डोळे मिटण्यावर एक सोपी युक्ती आहे. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, ‘एक, दोन, तीन’ म्हणा, तीनला सगळ्यांनी उघडायचे आणि त्याच क्षणी बटण दाबायचे. मुलांना हा खेळ वाटतो आणि खरे हसूही मिळते.

या फोटोत एक माणूस हमखास नसते, ते म्हणजे फोटो काढणारे. आम्ही जमवलेल्या कित्येक अल्बममध्ये वडील दिसतच नाहीत, कारण घरचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात असायचा. आता बहुतेक घरांत आई फोटो काढते, तेव्हा तीच गायब होते. स्टीलचे डबे एकावर एक ठेवून फोन टेकवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि धावत जाऊन उभ्या राहा. दीनदयाळांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारीही स्त्रीच असे. स्त्रियांचे फोटो राहावेत म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी एवढा विचार केला, आपल्याला तर फक्त टायमर लावायचा आहे.

आता बाप्पाकडे येऊ. गणपतीचा फोटो अवघड असतो, कारण मखराची रोषणाई फार प्रखर आणि मूर्ती त्यामानाने अंधारात. फोन गोंधळतो. पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचे चिन्ह येईल, ते बोटाने किंचित खाली सरका. दिव्यांचा पांढरा डाग जाऊन माळा दिसायला लागतील. फ्लॅश लावू नका. रंगवलेल्या मूर्तीवर तो आरशासारखा चमकतो, सोंडेवर पांढरा ठिपका येतो आणि समईचा सोनेरी उजेड पुसला जातो. रंगीत दिवे लुकलुकत असतील तर दोन मिनिटे बंद करा आणि समया, निरांजन व बाजूचा एक साधा दिवा एवढ्यावर काढून पाहा. शाडूची मूर्ती तर अशा उजेडात फार सुंदर येते. मूर्ती चौरंगावर असते, आपण उभे. त्यामुळे बहुतेक फोटोंत बाप्पा खाली मान घालून बसलेले दिसतात. इथेही गुडघ्यावर या. डोळ्यांच्या रेषेत आलात की मूर्ती तुमच्याकडे पाहते.

आरतीचा फोटो म्हणजे नुसता मूर्तीचा नव्हे. मूर्तीच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि आरती म्हणणाऱ्यांकडे वळा. निरांजनाचा उजेड चेहऱ्यांवर खालून पडतो, टाळ वाजवणारा नातू, ओळी विसरून ओठ हलवणारे जावई, सगळे तिथे असते. एरवी कॅमेऱ्याला लाजणारी माणसे आरतीत कॅमेरा विसरतात. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी शटर १/१२५ च्या खाली नेऊ नये, नाहीतर टाळ्यांचे हात पुसट येतात. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवायला घाबरू नका, थोडे दाणे दिसले तरी चालतील. मंडळाच्या सभागृहात कधी कधी फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की बहुधा पट्टे जातात. आणि एक विनंती. आरतीत सगळ्यांनीच फोन वर धरले तर फोटोत फक्त फोन येतात. घरातल्या एकाने काढावेत, बाकीच्यांनी आरती म्हणावी.

ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात तिथे आम्हाला वेगळे सांगायचे आहे. सजवून झाल्यावरचा फोटो सगळेच काढतात. आम्हाला त्याआधीचे हवे आहेत. कोथळ्या उभ्या करणे, साडी नेसवणे, निऱ्या धरायला दोघी, मुखवटा बसवताना घरातल्या मोठ्या बाईंचा श्वास रोखलेला चेहरा. हे कसे करायचे ते पुष्कळ घरांत एकाच बाईंना ठाऊक आहे आणि त्यांचे वय झाले आहे. पुढच्या सुनेला फोनवरून विचारायची पाळी येण्याआधी पायरी-पायरीने पंधरा-वीस फोटो काढून ठेवा. इथे सुंदर येण्यापेक्षा स्पष्ट येणे महत्त्वाचे. अर्थात घरच्या बाईंना विचारून. मुखवटा बसेपर्यंत फोटो नको अशी कुणाची रीत असेल तर फोन खाली ठेवावा, वाद घालू नये.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे फोटो काढायला आपण सगळेच राजवाड्यापर्यंत रेटारेटी करतो. झांकी दिव्यांनी लखलखत असते आणि हलत असते, आजूबाजूला काळोख. फोन दोन्ही हातांत धरा, कोपरे छातीशी दाबा, जमले तर खांबाला टेका. झांकी समोरून जात असताना मागे धावू नका; मिरवणुकीच्या पुढे जाऊन एखाद्या वळणावर थांबा, ती तुमच्याकडे येऊ द्या. वळणावर ती क्षणभर मंदावते, तोच फोटोचा क्षण. झांकीचा एक झाला की पाठ फिरवा आणि बघणाऱ्यांचा काढा. ओट्यांवर, गच्च्यांवर, बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवर झांकीचा रंगीत उजेड पडलेला असतो. हुकुमचंद मिल बंद पडून तीस वर्षांहून अधिक काळ झाला, तरी तिच्या नावाची झांकी निघते. ती ओढणारे, तिच्या मागे बसून यंत्र फिरवणारे, तारा जोडणारे हात कुणी टिपत नाही. दुपारी झांकी उभारली जात असताना जा. त्यांना विचारा, ते आनंदाने उभे राहतात.

लेझीम आणि ढोल-ताशा दिवसा असेल तर शटर १/५०० च्या पुढे. फोन असेल तर बटण दाबून धरा म्हणजे सलग फोटो निघतात आणि त्यांतला एक निवडता येतो. खाली बसून काढलेत तर लेझीम आभाळात दिसते, मागच्या दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत. गुलालात फोन पारदर्शक पिशवीत घालून रबर लावा. रंगपंचमीच्या गेरीलाही हीच पिशवी.

बाकीचे भराभर सांगतो. रांगोळी काढायची तर स्टुलावर चढून फोन जमिनीला समांतर धरा आणि स्वतःची सावली बघा. सकाळचे तिरपे ऊन असेल तर रांगोळीचा दाणा न् दाणा उठून दिसतो. उकडीच्या मोदकांना उजेड मागून किंवा बाजूने द्या आणि मागे काहीतरी गडद ठेवा, म्हणजे वाफ दिसते. आणि तूप सोडल्यावर लगेच काढा, मिनिटभराने चकाकी जाते. तसेही मोदक थांबत नाहीत.

इमारतींचे फोटो काढताना राजवाड्याचे उदाहरण घ्या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. अगदी पायथ्याशी उभे राहून फोन वर उचलला की इमारत मागे कोसळल्यासारखी दिसते. समोरच्या बागेतून लांब जाऊन, फोन सरळ उभा धरून काढा, वरचे आभाळ आले तर येऊ द्या. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटे आभाळ गडद निळे असते आणि इमारतीवरचे दिवे लागलेले असतात. तेवढी वेळ पकडली तर वेगळे काही करावे लागत नाही. १९८४ च्या आगीत राजवाड्याचा केवढा भाग गेला ते इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. त्या आधीचे, आतल्या लाकडी कामाचे फोटो कुणाच्या घरी असतील तर आम्हाला जरूर दाखवा. आणि आपल्या जुन्या मोहल्ल्यांतले वाडे तर आगीशिवायच जात आहेत. वाडा बिल्डरला देण्याचे ठरले असेल तर सही करण्याआधी एक सकाळ काढा. समोरून एक फोटो, मग दार, दाराची कडी, जिना, चौक, देवघराचा कोनाडा, विहीर, मुलांच्या उंचीच्या रेघा मारलेली भिंत. खोली रिकामी झाल्यावर काढू नका, सामानासकट काढा. रिकामी खोली कुणाचीही असते.

महेश्वरला आपण पाहुण्यांना नेतोच. तिथे नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि घाट उत्तर तीरावर, दक्षिणेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे थंडीत सूर्य दक्षिणेला असला की घाटावर जवळजवळ दिवसभर ऊन असते, आणि पहाटे ते नदीच्या वरच्या अंगाने, पाण्यावरून तिरपे येते. पायऱ्यांच्या कडा, छत्र्या, कपडे धुणाऱ्या बायका, सगळ्यांना लांब सावल्या. बहुतेक लोक इंदूरहून न्याहारी करून निघतात आणि अकराला पोचतात. पोहे-जिलेबी सोडवत नाही हे मान्य, पण आदल्या रात्री मुक्काम करा.

पक्ष्यांसाठी मात्र फोन पुरत नाही. लांबचे भिंग हवे, निदान ३०० मिलिमीटर, आणि शटर १/१००० किंवा अधिक. सिरपूर तलाव आपल्या दाराशी आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हिवाळ्यात बाहेरचे पाहुणे पक्षी उतरतात. सूर्य पाठीशी ठेवा, पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरा, आणि घरट्याजवळ जाऊ नका. यात आमच्यापेक्षा जाणकार माणसे गावात आहेत, त्यांच्याबरोबर एक सकाळ गेलात तर आमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त शिकाल.

आता काढलेल्या फोटोंचे काय करायचे ते. फोन हरवतो, पाण्यात पडतो, बदलला जातो. महत्त्वाचे फोटो तीन ठिकाणी ठेवा, त्यांतले एक घराबाहेर, म्हणजे मुलीकडे किंवा क्लाउडवर. स्मरणिकेला फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, तो आक्रसतो आणि छापल्यावर चौकटी-चौकटी दिसतात. तिथेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची सोय आहे, तशी पाठवा. चार बाय सहा इंचांचा फोटो नीट छापायला निदान १२०० बाय १८०० बिंदू लागतात. आणि छापा. वर्षाचे सगळे नको, बारा छापा. आमच्याकडे आलेल्या जुन्या फोटोंना वाळवी लागलेली होती, पाणी लागलेले होते, तरी चेहरे दिसत होते. बिघडलेल्या कार्डातून मात्र चेहरा अर्धाही दिसत नाही.

मागे नावे लिहा. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनची खूण पुढे उमटते आणि शाई पसरते. ‘आजोबा’ असे लिहू नका. पन्नास वर्षांनी ‘कुणाचे आजोबा?’ हा प्रश्न आमच्यासारख्या कुणाला तरी पडतो आणि सांगायला कोणी नसते. पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव, साल, आणि डावीकडून उजवीकडे क्रम. आमच्याकडे एका मोठ्या मुंजीचा फोटो आहे, माळवदावर काढलेला, मांडवाखाली पन्नासेक माणसे. ज्यांनी तो दिला त्यांना त्यांतली सहा ओळखता आली. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळी ओळखता आली असती असे ते म्हणाले. त्या आदल्या वर्षी वारल्या होत्या.

म्हणून या दहा दिवसांत एक करा. दुपारी सगळे लोळत असतात तेव्हा जुना अल्बम काढा, आजी किंवा आजोबांच्या मांडीवर ठेवा आणि फोन टेकवून व्हिडिओ सुरू करा. त्यांनी बोट ठेवत जावे आणि सांगत जावे. मध्ये कुणी ‘तो नव्हे, तो धाकटा’ म्हणून वाद घातला तर तोही राहू द्या.

जुने फोटो घरीच उतरवायचे असतील तर स्कॅनरवर ६०० डीपीआय ठेवा. फोनने काढायचे तर फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा, फोन बरोबर वरून, समांतर धरा, फ्लॅश नको. काचेत तुमचेच प्रतिबिंब येत असेल तर पाठीमागे काळी शाल धरायला सांगा. फाटलेल्या फोटोला सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून फोटो खातो. आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये बसलेले फोटो ओढून काढू नका. पानासकट तसेच उतरवा.

येत्या रविवारपासून गणपतीपर्यंतचे सगळे रविवार, सकाळी नऊ ते बारा, आम्ही मंडळाच्या कार्यालयात उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडून बसणार आहोत. जुने फोटो घेऊन या, तुमच्यासमोर प्रत करू आणि मूळ फोटो लगेच परत देऊ. भिंतीवरची तसबीर असेल तर फ्रेमसकट आणा, घरी काच उघडू नका. कापडात गुंडाळून, आडवी धरून आणा. आणि शक्य असेल तर ज्यांना नावे आठवतात त्यांनाही बरोबर आणा. कार्यालयाला सात पायऱ्या आहेत, खुर्चीसकट उचलून न्यायला आम्ही खाली उभे असू.